काळ्या मातीचे कोरडे वजन

२६ सप्टेंबर २०२३, मंगळवार. त्या दिवशी सुरतेजवळच्या इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात धुडकू सैंदाणेच्या हिशोबातून ३,०४० रुपये कापण्यात आले. शहात्तर पाकिटे, पाकिटामागे चाळीस रुपये. पाकिटांत माती होती. ती माती धुडकूने नेमून दिलेल्या शेतांतून आणलीच नाही, कुठल्या तरी कोरड्या बांधावरून खरवडून भरली, असा त्याच्यावर आरोप होता. ठेकेदार योगेशने आकडा वहीत मांडला, वही धुडकूपुढे सरकवली आणि सहीच्या जागी बोट ठेवले.

धुडकूने सही केली नाही. त्याने मान वळवून वाल्मिककडे पाहिले.

वाल्मिक बडगुजर गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला वजनकाट्याजवळ उभा होता. दोघे पारोळ्याकडच्या एकाच गावचे. चोवीस वर्षांपूर्वी धुडकूला सुरतेला आणले ते वाल्मिकने, बमरोलीच्या मिलमध्ये लावले ते वाल्मिकने, आणि मिल सुटल्यावर या मातीच्या कामावर आणले तेही त्यानेच. आता गाळ्यात चार माणसे होती. योगेश, धुडकू, वाल्मिक आणि कंपनीच्या शहरातल्या ऑफिसातून आलेली हर्षदा सोनवणे. सगळे वाल्मिक काय म्हणतो याची वाट पाहत होते.

"मी वावरमा जास का नही, तूच सांग यास्ले," धुडकू म्हणाला. कामाच्या ठिकाणी तो घरची अहिराणी सहसा बोलत नसे.

वाल्मिकने हर्षदाकडे पाहून सांगितले, "मी त्याच्यासोबत शेतात नसतो."

वाक्य खरे होते. दोघांच्या शेतांच्या दिशाच वेगळ्या होत्या. पण धुडकूने ते ऐकले आणि वहीवर सही करून टाकली.

वाल्मिकला ओळखणारे सगळे एक गोष्ट सांगत. हा माणूस ओल हाताने ओळखतो. बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये त्याने बावीस वर्षे स्टेंटरवर काढली. रंगवून धुतलेले कापड त्या लांबलचक यंत्रात दोन्ही काठांनी ताणून धरले जाते आणि गरम हवेतून वाळून दुसऱ्या तोंडाने बाहेर येते. वाल्मिक त्या दुसऱ्या तोंडाशी उभा असे. धावत्या कापडाला तळहाताची मागची बाजू लावली की कापड जास्त वाळले की कमी, हे तो सांगे. मास्तर मीटर लावून बघायचा आणि मीटर तेच म्हणायचे.

त्या मिलमध्ये व्हिस्कोसचे काम जास्त चाले. व्हिस्कोसचे कापड यंत्रातून निघते तेव्हा पापडासारखे वाळलेले असते, पण हवेत ठेवले की हवेतली ओल पीत राहते. दहा किलोचा गठ्ठा रात्रभरात किलोभर वाढतो. पॉलिस्टरचे तसे नाही. ते दोन दिवस उघडे ठेवा, आहे तेवढेच राहते. म्हणून मिलमध्ये नियम होता, गरम माल काट्यावर चढवायचा नाही. ट्रॉलीवर उघडा ठेवायचा, रात्रभर हवा खाऊ द्यायची, आणि सकाळी जे वजन भरेल ते खरे वजन. वाल्मिक कामाला लागला तेव्हा त्याच्या मास्तरने हा नियम एकदा सांगितला होता. दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. गरम माल तोलणारा माणूस एक तर नवखा असतो नाही तर लबाड, असे तो पुढे स्वतः नव्या पोरांना सांगू लागला.

दुसरीही एक सवय त्याला तिथेच लागली. प्रत्येक लॉटमधून वीतभर तुकडा कापून, त्यावर नंबर टाकून, बिल पास होईपर्यंत जपून ठेवायचा. पार्टीने तक्रार केली तर तुकडा काढून दाखवायचा. बावीस वर्षांत असे तुकडे त्याने किती वेळा काढून दाखवले याची मोजदाद नाही.

मिल २०२२ च्या दिवाळीनंतर उघडलीच नाही. वाल्मिक तेव्हा पंचावन्नचा होता. दुसऱ्या मिलमध्ये त्या वयाच्या माणसाला स्टेंटरवर कोणी घेत नाही. बॉयलरला कोळसा ओढायला घेतात आणि तेवढी त्याची छाती उरली नव्हती. बायको उज्ज्वला घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची, साडीमागे बारा रुपये. सात महिने घर त्यावर चालले. मग २०२३ च्या जूनमध्ये योगेशने बोलावले. इच्छापोरला एक काम आहे, ओल मोजायचे, महिना साडेचौदा हजार. ओल मोजायचे म्हटल्यावर वाल्मिकने दुसरे काही विचारले नाही.

काम एका खाजगी सर्वेक्षण कंपनीचे होते. एक उपग्रह दर बारा दिवसांनी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरतेवरून जातो. त्याच्यावर रडार आहे. ते साध्या कॅमेऱ्यासारखे उजेडावर अवलंबून नसते. स्वतःच लहरी खाली सोडते आणि जमिनीवरून परत येणाऱ्या लहरींचे चित्र तयार करते. ढग असोत, अंधार असो, त्याला फरक पडत नाही. ओल्या जमिनीवरून लहरी जास्त परत येतात, कोरडीवरून कमी. मध्ये पीक उभे असेल तर पानेही काही परत पाठवतात, काही गिळतात. तेव्हा पानांचे किती आणि मातीचे किती हे वेगळे करायचे तर खाली कोणीतरी त्याच सकाळी शेतात जाऊन माती आणि पीक दोन्ही मोजले पाहिजे. वरचा आकडा आणि खालचा आकडा शेजारी ठेवला की पुढे नुसत्या चित्रावरून सांगता येते, कोणत्या शेतात किती ओल आहे आणि कालव्याचे पाणी कुठे अजून चार दिवस नको.

हे सगळे हर्षदाने पहिल्याच दिवशी समजावले. ती सत्तावीस वर्षांची, वडील कतारगामच्या एका कारखान्यात कामाला होते, मूळचे शिंदखेड्याचे. फोनवर ती गुजरातीत बोलायची, ऑफिसात हिंदीत आणि वाल्मिकशी मराठीत. त्याला काका म्हणायची. अडतीस शेते नेमली होती. एक ते एकोणीस ओलपाडच्या बाजूची, भाताची आणि उसाची, चिकट काळ्या मातीची. वीस ते अडतीस तापीच्या बाजूची, भाजीपाल्याची, रेताड. काळी एकोणीस धुडकूला दिली, रेताड एकोणीस वाल्मिकला. लोखंडी कडे जमिनीत पाच सेंटिमीटर ठोकायचे, आतली माती पाकिटात भरायची, तोंड बंद करायचे, नंबर टाकायचा. शेजारचे एक रोप कापून त्याचेही वजन करायचे. माती गाळ्यावर आणून ओली तोलायची, वाटीत पसरून भट्टीत चोवीस तास वाळवायची आणि पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे ओल. तोलायचे काम दोघांच्याही पाकिटांचे वाल्मिककडे होते, कारण धुडकूला काट्यावरचा दशांश बिंदू इकडचा तिकडे दिसायचा.

धुडकू त्या उपग्रहाला सासू म्हणायचा. आदल्या संध्याकाळी कडी, हातोडी, पाकिटे पिशवीत भरताना तो म्हणे, "सकाय सासू येई, सगळं झाडीझुडी ठेवा." उसाच्या शेतातून आला की पानांनी कापलेले हात पुढे करून दाखवी आणि हिला वरून दिसत नाही म्हणून आपल्याला आत शिरावे लागते, अशी तक्रार करी. तो थट्टेखोर होता, मिलमध्येही सुपरवायझरची नक्कल करण्यात दोनदा खाडा कापून घेतलेला. अशा माणसाबद्दल लोक काहीही मानायला लवकर तयार होतात.

भट्टीतून काढलेल्या वाट्या गार करायला कंपनीने एक जाड काचेची बरणी दिली होती. घट्ट झाकणाची, तळाशी निळे मणी. थंड झाल्यावर तोलायचे, एवढे हर्षदाने सांगितले होते. बरणी कशासाठी हे तिने सांगितले नाही आणि वाल्मिकने विचारले नाही. धूळ आणि मुंग्या लागू नयेत म्हणून असेल, अशी त्याची समजूत होती. सूचनांचा छापील कागद भिंतीवर होता, पण इंग्रजीत.

२९ जुलैला बरणी फुटली. गाळा झाडताना टेबल सरकले आणि ती खाली आली. वाल्मिकने त्याच दिवशी योगेशला फोन करून सांगितले. योगेश म्हणाला, नवी मागवतो, तोपर्यंत थंड होण्याशी मतलब. हर्षदाला त्याने कळवले नाही. ती महिन्यातून एकदा यायची. बाकी वहीच्या पानांचे फोटो तिला फोनवर जात. त्यानंतर वाल्मिकने दोन वेळा आठवण केली आणि मग सोडून दिले. त्याच्याकडे त्याची रीत होतीच. भट्टीतून वाट्या काढून फळीवर उघड्या मांडायच्या, रात्रभर हवा खाऊ द्यायची आणि सकाळी तोलायच्या. गरम माल काट्यावर चढवायचा नाही.

ऑगस्टच्या ७ तारखेपासून वरचे आणि खालचे जुळेनासे झाले. जुलैत तिन्ही वेळा छान जुळले होते. आता रडार म्हणत होते की काळ्या शेतांत ओल भरपूर आहे, आणि वाल्मिकची वही म्हणत होती की कमी आहे. रेताड शेतांत मात्र दोन्ही आकडे एक. सात, एकोणीस, एकतीस ऑगस्ट, बारा सप्टेंबर, चारही वेळा तेच. हर्षदाने पिकाची वाढ धरून पाहिली, उसाच्या पानांचे गणित दोनदा तपासले. फरक गेला नाही. मग तिच्या वरच्या साहेबांनी विचारले की काळ्या शेतांतून माती कोण आणतो. एकाच माणसाची शेते चुकतात आणि दुसऱ्याची बरोबर येतात, याचा अर्थ ऑफिसात बसून एकच निघत होता. त्यातून धुडकू ऑगस्टच्या शेवटी कानबाई देवी बसवायला गावी जाऊन आला होता. योगेशने तेही जोडून दिले. पाकिटे आधीच भरून ठेवून गेला असेल, म्हणाला.

मंगळवारी दुपारी गाळ्यात जे झाले ते असे झाले. धुडकूचे काम गेले. त्याची शेतेही वाल्मिककडे आली.

वाल्मिकला धुडकूवर खरोखर संशय होता का, हे सांगणे कठीण. घरी आल्यावर त्याने उज्ज्वलाला सांगितले की धुडकू शेतात जात असेलच, पण आपण पाहिलेले नाही तर बोलायचे कसे. उज्ज्वलाने हातातली साडी न थांबवता विचारले की चोवीस वर्षांत पाहिले नाही का. त्यावर तो जेवायला बसला.

६ ऑक्टोबरला वाल्मिक पहिल्यांदा काळ्या शेतांत उतरला. पाऊस जाऊन आठवडा झाला होता. भाताच्या खाचरात पाय पोटरीपर्यंत जात होते. अकरा नंबरच्या शेतात चप्पल रुतली ती दोन्ही हातांनी ओढावी लागली. बांधाकडच्या दोन हातांत, भाताच्या ओळींच्या मध्ये, जुन्या कड्यांच्या गोल खुणा होत्या. एकाच अंतरावर, एकसारख्या खोल, काही पाण्याने भरलेल्या, काहींच्या कडा ढासळलेल्या. धुडकू आत येत होता. नुसता येत नव्हता, दर वेळी आधीच्या खुणेपासून वीतभर अंतर सोडून कडे ठोकत होता.

वाल्मिक तिथे बराच वेळ उभा राहिला असावा, कारण सतरा, अठरा आणि एकोणीस नंबरची शेते करेपर्यंत ऊन चढले होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वसाहतीत दोन वाजल्यापासून वीज बंद राहणार होती. काटा विजेवर चालायचा. वीज रविवारीही आली नाही तर दोन दिवस वाया जातील म्हणून वाल्मिकने बावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. भट्टीतून काढलेल्या वाट्या फडक्यात धरून कोमट असतानाच तोलल्या. आकडे पेन्सिलने लिहिले, कारण ते खरे वजन नव्हे. रविवारी सकाळी वीज आली होती. रीतीप्रमाणे त्याने वाट्या पुन्हा तोलल्या आणि पेनने लिहायला घेतले.

अकरा नंबरची माती ओली १६४.२ ग्रॅम होती. शनिवारी गरम, १२१.६. रविवारी गार, १२९.८. आठ ग्रॅम वाढली होती. गरम माल हलका दाखवतो, हे त्याला माहीत होते. त्याने पुढची वाटी घेतली. सत्तावीस नंबर, रेताड. गरम १३२.४, गार १३३.१. फरक पाऊण ग्रॅमही नाही. मग दहा नंबर, काळी, नऊ ग्रॅम. तीस नंबर, रेताड, काही नाही.

गरमपणाचा दोष असता तर दोन्ही मातींना सारखाच लागला असता. वाल्मिक स्टुलावर बसला. एक माती हवा पीत होती, दुसरी पीत नव्हती. एक व्हिस्कोस होती, दुसरी पॉलिस्टर. हे त्याला शिकवायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. मिलचे कापड लोक हवेतच नेसतात, म्हणून हवा खाल्लेले वजन खरे. इथे मातीत पाणी किती होते तेवढेच हवे होते, आणि तो दर वेळी रात्रभर त्या मातीला हवेतून पाणी पाजून सकाळी ती कोरडी म्हणून तोलत होता. अकरा नंबरची ओल कोरड्या मातीच्या शंभराला पस्तीस होती. त्याच्या रीतीने ती साडेसव्वीस भरत होती. फुटलेली बरणी मुंग्यांसाठी नव्हती.

ते त्याने त्या रात्री उज्ज्वलाला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की आता तुमचे काम जाईल का. जाईल, तो म्हणाला. पण अजून पक्के नाही. एका तारखेच्या जोरावर काही म्हणायचे नाही, हा हर्षदाचाच नियम होता. किमान दोन तारखा जुळल्या पाहिजेत. पुढची तारीख अठरा ऑक्टोबर. अठराला पुन्हा तोलून बघू, मग सांगू.

खरे म्हणजे ऑगस्टपासूनची सगळी वाळलेली माती गाळ्यात होती. लॉटचे तुकडे ठेवावेत तशी त्याने ती पाकिटात घालून, नंबर टाकून, पुठ्ठ्याच्या खोक्यांत लावून ठेवली होती. त्यातली चार पाकिटे सोमवारी भट्टीत टाकली असती तर मंगळवारी पक्के झाले असते. हे त्याला तेव्हाही ठाऊक होते. त्याने ती खोकी उघडली नाहीत.

धुडकू तोवर बमरोलीत दुसऱ्या एका मिलमध्ये लागला होता. रात्रपाळी, जिगरवर. जिगर म्हणजे रंगाच्या उकळत्या कुंडावरून कापड इकडून तिकडे गुंडाळणारे यंत्र. पन्नाशीच्या माणसाने करायचे ते काम नव्हे, पण सणाचे दिवस होते आणि माणसे कमी होती. पंधरा ऑक्टोबरच्या पहाटे ओल्या फरशीवर त्याचा पाय सरकला. कुंडाची कड धरायला गेला आणि उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

त्याची बायको सुमन बमरोलीतच, वाल्मिकच्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहायची. निरोप सकाळी आला. वाल्मिक आणि उज्ज्वला सरकारी दवाखान्यात गेले. धुडकू गुंगीत होता, पायावर जाळीचा पिंजरा ठेवून वरून चादर टाकलेली. सुमन भिंतीला टेकून बसली होती. ती वाल्मिकशी वाईट बोलली नाही. मातीचे काम बरे होते, एवढेच म्हणाली, उन्हातान्हात होते पण दिवसाचे होते.

घरी आल्यावर दाराचे कुलूप काढून उज्ज्वला तिथेच उभी राहिली.

"आते तरी जाईसन सांगा," ती म्हणाली. "का आखो एक तारीख पाह्यजे?"

वाल्मिकला आणखी एक तारीख हवी होती. अठराला त्याने अडतीस शेते एकट्याने केली. भट्टीतून काढलेल्या वाट्या यावेळी त्याने उज्ज्वलाच्या फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत बंद करून गार केल्या आणि मग तोलल्या. नंतर झाकणे काढून रात्रभर ठेवल्या आणि पुन्हा तोलल्या. काळी वाढली, रेताड वाढली नाही. वीस तारखेला, शुक्रवारी, त्याने हर्षदाला फोन करून बोलावून घेतले आणि वहीची दोन पाने शेजारी ठेवून तिला सगळे सांगितले. बरणी कधी फुटली, कोणाला कळवले, रीत कुठली लावली, कधीपासून. सात ऑक्टोबरचे पेन्सिलचे आकडेही दाखवले. ते खोडले नव्हते.

हर्षदाने सात तारीख वाचली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

"काका, हे तुम्हाला आठ तारखेला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी छापील कागदावर विसंबायला नको होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही आठ तारखेला फोन का नाही केला?"

वाल्मिकने वही मिटली. मग तिने विचारले की जुनी माती फेकली असेल ना. वाल्मिकने खोकी खाली काढली. सात ऑगस्टपासूनची सगळी पाकिटे क्रमाने लावलेली होती. हर्षदा एकेक नंबर बघत राहिली. ओली वजने वहीत होतीच. फक्त माती पुन्हा वाळवून, बंद डब्यात गार करून तोलायची होती.

संध्याकाळी वाल्मिक दवाखान्यात गेला. धुडकू जागा होता. ओठ सुकले होते, ताप उतरत नव्हता. सुमन खाली औषध आणायला गेली होती. वाल्मिकने पलंगाजवळ उभे राहूनच सांगितले. काळी माती हवा पिते, तुझी पाकिटे बरोबर होती, चूक माझ्या तोलण्यात होती. धुडकू छताकडे बघत ऐकत होता. वाल्मिकला वाटले तो काही थट्टा करील. व्हिस्कोसचा विषय त्यालाही तितकाच ठाऊक होता.

"तू तव्हय काबर नही बोलना?" धुडकूने विचारले.

तव्हय म्हणजे कधी, हे त्याने सांगितले नाही. सव्वीस सप्टेंबर असेल किंवा आठ ऑक्टोबर. वाल्मिकने विचारले नाही. सुमन आली, तिने चमच्याने पाणी पाजले आणि धुडकूने डोळे मिटले. त्यानंतर वाल्मिक आणखी चार वेळा गेला. दोनदा धुडकू झोपलेला होता आणि दोनदा झोपल्यासारखा.

जखम चिघळली. दोन नोव्हेंबरच्या दुपारी धुडकू गेला. उमऱ्याच्या स्मशानात गावची पंधरा-वीस माणसे होती. वाल्मिक मागे उभा राहिला. तोपर्यंत त्याने सात ऑगस्ट ते चोवीस सप्टेंबर या पाच तारखांची, काळ्या मातीची पंच्याण्णव पाकिटे पुन्हा वाळवून तोलली होती. त्या कामाचे पैसे कोणी दिले नाहीत आणि त्याने मागितले नाहीत.

हर्षदाने वरच्या साहेबांना सगळे लिहून कळवले, बरणीसकट. योगेशला कोणी काही बोलल्याचे ऐकिवात नाही. सुमनने कापलेल्या पैशांबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला की त्या महिन्याचा हिशोब वरून पास होऊन आला आहे, आता उघडता येत नाही. नोव्हेंबरअखेर भात कापला गेला आणि काम संपले. पुढच्या वर्षी कंपनीने मातीत खुपसायच्या काट्यांची यंत्रे आणली. ती जागच्या जागी ओल सांगतात. भट्टी आणि वजनकाटा लागत नाही. वाल्मिकला बोलावणे आले नाही. आता तो पांडेसऱ्यात एका गोदामाच्या फाटकावर रात्रीचा वॉचमन आहे.

फेब्रुवारीत हर्षदाचा फोन आला होता. नव्याने तोललेले आकडे घातल्यावर काळ्या शेतांचे आणि रडारचे अगदी जुळले, म्हणाली. अडतीस शेतांपैकी सगळ्यात चांगली निघाली ती एक ते एकोणीस. पाचही तारखांना कडे बरोबर तेवढ्याच खोलीवर गेले आहे, असे नवख्या माणसांकडून होत नाही. अहवालात माती आणणाऱ्यांची नावे घालायची पद्धत नाही. तिने घालून पाहिली, वरून काढली गेली. धुडकूच्या घरी तिला जायचे होते, पत्ता हवा होता. वाल्मिकने पत्ता दिला. ती जाऊन आली की नाही हे त्याला माहीत नाही.

सुमन आता उज्ज्वलासारख्याच टिकल्या लावते. त्यांच्या दोघींचे साड्या आणणे-पोचवणे एकत्र होते. ती उज्ज्वलाशी बोलते. वाल्मिक तिच्या घरी गेला की मात्र पाटावरून उठत नाही आणि बसा म्हणत नाही.

योगेशने कापलेले पैसे वाल्मिकने स्वतःच्या पगारातून द्यायचे ठरवले. डिसेंबरपासून चार महिने, दर महिन्याला सातशे. सुमनने ते मोजून घेतले आणि डब्यात ठेवले. एप्रिलमध्ये उज्ज्वलाच्या डोळ्यांचा चष्मा करावा लागला, तेव्हा राहून गेले. मे महिन्यात सुमन गावी होती. धुडकू सैंदाणेच्या शहात्तर पाकिटांचे २४० रुपये द्यायचे बाकी आहेत.